शेडच्या दारातला चहा

९ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी देईन, पत्र लिहून होईपर्यंत द्यावासा वाटला तर.

फोन तू उचलत नाहीस. वहिनीने उचलला तर तिला तुझ्यासमोर बोलता येत नाही, ती नुसतं हं हं करते आणि मी भिंतीशी बोलल्यासारखी बोलत राहते. म्हणून हे पत्र. तुझा अंड्यांचा गाडीवाला रिकामे ट्रे न्यायला येतो, त्यातल्या सगळ्यात वरच्या ट्रेमध्ये ठेवून देतेय. त्याच्यावर डाफरू नकोस. तो नाहीच म्हणत होता, मीच त्याला भरीस पाडलं.

आता तुझ्या निरोपाबद्दल. काल आमच्या मागच्या दारात, भाज्या निवडणाऱ्या बायकांच्या समोर, त्या बिचाऱ्याने मान खाली घालून शाळेत पाठ म्हणावा तसं म्हणून दाखवलं, "साहेबांनी सांगितलंय, सख्ख्या बहिणीने भावाच्या पोटावर पाय दिला." बायका हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मला मात्र दिवसभर प्रत्येक पातेल्यात तुझंच तोंड दिसत होतं.

मी रुग्णालयाच्या स्वयंपाकघराची प्रमुख आहे, रुग्णालयाची मालकीण नाही. तुझ्याकडून येणारी रोजची कोंबडी आता आठवड्यातून एकदा, बाकीचे दिवस डाळी, कडधान्यं आणि भाज्या, हे वरून ठरलं. ठरलं ते मी शिजवते. तुझी अंडी अजून घेतोच आहोत. आणि तुझ्या पोटावर पाय देण्याइतकी ताकद माझ्या पायांत असती, तर दिवसभर शेगडीपुढे उभं राहून ते संध्याकाळी असे सुजले नसते.

ते असू दे. मला आईबद्दल बोलायचंय. परवा वहिनीशी बोलताना मागून कसलासा आवाज येत होता. मला वाटलं, पाण्याचा पंप बिघडलाय. विचारलं तर वहिनी हळूच म्हणाली, आई खोकताहेत. मग म्हणाली, थंडी आहे ना. थंडी इथेही आहे, धाकट्या. इथे माणसं असा आवाज काढत नाहीत.

तर आईला माझ्याकडे पाठव. उन्हं तापेपर्यंत राहू दे. माझं घर लहान आहे, तीन जिने चढावे लागतात, पण खिडकी उघडता येते. तू म्हणशील, मुलगा धडधाकट असताना आई मुलीकडे कशी, लोक काय म्हणतील. म्हणू देत. लोक काय तिच्या वाटचा श्वास घेऊन देणार आहेत?

उत्तर त्याच ट्रेमध्ये ठेवलंस तरी चालेल. आशीर्वाद राहू दे.

ताई


२ फेब्रुवारी

धाकट्या,

ट्रे आले, उत्तर आलं नाही. म्हणून रविवारी मीच आले, आणि आले ते बरं झालं. नाहीतर आंधळ्यासारखी पत्रं लिहीत बसले असते.

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि माझे डोळे चुरचुरायला लागले. पहिल्या शेडपाशी पोहोचेपर्यंत पदराने पुसत होते. तू पुढे चालत होतास आणि मोठ्या कौतुकाने ते नवं यंत्र दाखवत होतास. कोंबड्यांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, तो आत साठला की यंत्रावरचा आकडा तांबडा होतो आणि पंखे आपोआप सुरू होतात. कोंबड्यांना त्रास नको. छान आहे. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं की ते पंखे ती हवा फेकतात कुठे.

आईच्या खोलीत गेल्यावर लक्षात आलं. तिसऱ्या शेडचे पंखे थेट तिच्या खिडकीकडे तोंड करून आहेत. खिडकी बंद, तिच्यावर जाड पडदा, आणि आई दिवसातून कितीदा तरी उठून त्या पडद्यावर पाणी मारते. ओल्या कापडात वास अडतो म्हणे. पाणी मारते, खाटेवर बसते, खोकते, पुन्हा उठते.  कोंबड्यांच्या हवेसाठी तू यंत्र बसवलंस. आईच्या हवेसाठी काय बसवलंस, तर पडदा, आणि तोही तिनेच भिजवायचा.

मी डोळे पुसत बाहेर आले तेव्हा तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. मला आठवतंय. तू म्हणालास, "तुझ्याच डोळ्यांना बरं पाणी येतं. आमच्यात कुणाला काही होत नाही. पाहुणी झालीस तू." टोचावं म्हणूनच म्हणालास. टोचलं. पण बसमध्ये बसल्यावर मला बाबांचा चहा आठवला आणि टोचणं कुठल्या कुठे गेलं, राहिला तो नुसता राग.

तू तेव्हा लहान होतास, पण इतकाही नाही. आपल्याकडे कुणीही येवो, वायरमन, खाद्याचा दलाल, पत्ता चुकलेला वाटसरू, बाबा त्याला घरात नेत नसत. पहिल्या शेडच्या दारात तो लाकडी बाक होता, तिथे बसवत आणि आईला हाक मारून चहा मागवत. लोक म्हणायचे, काय अगत्याचा माणूस आहे. अगत्य कसलं. बाबा समोर उकिडवे बसून पाहुण्याच्या डोळ्यांकडे बघत असायचे. चहा संपायच्या आत पाहुण्याने डोळे चोळले की शेडच्या बाजूचे पडदे वर, हवा मोकळी. ओळीने दोघातिघांनी चोळले, की पुढच्या खेपेला पिल्लं कमी मागवायची. बाबा म्हणायचे, आपलं नाक मेलंय, डोळे निबर झालेत, आपण आपल्यावर विश्वास ठेवायचा नाही. एकदा तर कसलीशी वर्गणी मागायला आलेल्या एका सद्गृहस्थांना तीन कप चहा पाजला होता, कारण त्यांना चष्मा होता आणि बाबांना त्यांचे डोळे नीट दिसत नव्हते.

तर मी पाहुणी झालेच असेन, तर बाबांच्या घरात माझ्या डोळ्यांना किंमत आहे. तू मला चहासुद्धा विचारला नाहीस.

आणि आईच्या खोलीच्या दुसऱ्या बाजूला तो पाया कसला खणलाय? वहिनीला विचारलं तर म्हणाली, नवी शेड. म्हणजे रुग्णालयाने कोंबडी कमी घेतली, तर तू ती बाहेरच्या व्यापाऱ्याला विकणार, तो भाव पाडून घेणार, म्हणून तू आणखी पाळणार, आणि ते सगळं आईच्या उरलेल्या एका खिडकीसमोर. माझ्यावरचा राग तू आईच्या छातीवर काढतोयस, धाकट्या. काढायचा तर माझ्यावर काढ. मी खमकी आहे.

आईला पाठव. मी तिला विचारलं तर म्हणाली, तो पाठवेल तेव्हा येईन. तिचं औषध संपत आलंय, तेवढं तरी आण.

आशीर्वाद नाही.

ताई


२३ फेब्रुवारी

धाकट्या,

वहिनीला एक शब्द बोलशील तर खबरदार. तू नव्या शेडचे पत्रे आणायला गेला होतास, आईचे ओठ निळे पडायला लागले होते, घरात दुसरं वाहन नव्हतं. तिने अंड्यांच्या गाडीत ट्रे बाजूला सारून आईला आडवं केलं आणि इथे आणलं. मी मागच्या दारात रोजच्यासारखी अंडी उतरवून घ्यायला गेले आणि गाडीतून माझी आई उतरली. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि तुलाही विसरू देणार नाही.

तू आलास, आईच्या पायाशी उभा राहिलास, डोळे लाल होते तुझे, तेवढं मी पाहिलं. पण मग छातीच्या डॉक्टरीणबाईंना तू जे ऐकवलंस ते ऐकून मला तिथल्या तिथे जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. म्हणे शहरातला गाड्यांचा धूर आहे, गिरण्यांची धुराडी आहेत, तुम्ही गरिबाच्या कोंबड्यांच्या मागे का लागता. बाई शांत होत्या. मी नसते राहिले. त्या एवढंच म्हणाल्या, "धूर आहेच. पण तो एकटा नाही." तू तोवर पाठ फिरवली होतीस. म्हणून त्यांनी मला जे समजावलं ते तुला लिहिते, कारण तुला कधीतरी ऐकावं लागेलच.

शेणातून, विष्ठेतून, मुतातून तो अमोनिया निघतो. नुसता जवळ असला तर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो, ते आईचं झालं. पण तो तिथे थांबत नाही. वाऱ्याबरोबर निघतो, गाड्यांच्या आणि धुराड्यांच्या धुराला भेटतो आणि दोघांची मिळून इतकी बारीक धूळ होते की डोळ्यांना दिसत नाही, नाकात अडत नाही, सरळ फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथून रक्तात. तिला वास नसतो. म्हणून शहरातला माणूस म्हणतो, आमच्याकडे कुठे वास येतो. थंडीत वारा पडला की ती आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर तशीच बसून राहते, आणि वर छातीच्या विभागात खाटा कमी पडतात. नुसत्या तुझ्या शेडचं नाही, गाईगुरांचे गोठे, डुकरांचे वाडे, सगळ्यांचं मिळून, आणि शिवाय त्यांना खायला घालण्यासाठी जी शेतं पिकवायची त्यांच्यावरच्या खताचंही. बाई म्हणाल्या, लोकांनी ताटातलं मांस कमी केलं आणि डाळी-कडधान्यं वाढवली, तर जनावरं कमी पाळली जातील आणि ही धूळ कमी होईल. हृदयाला बरं ते वेगळंच. त्या म्हणाल्या, याला औषध माझ्याकडे कमी आहे, तुमच्याकडे जास्त आहे. मी विचारलं, माझ्याकडे म्हणजे? त्यांनी माझ्या पातेल्याकडे बोट दाखवलं.

हे त्या मला आत्ता नाही, मागच्या थंडीतच म्हणाल्या होत्या. बरं, तर सांगूनच टाकते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की रोजची कोंबडी बंद करायचं वरून ठरलं. ठरलं वरच, पण वर जाऊन भांडणारी मी होते. तुला हे कळलं तर आईची वाट बंद करशील म्हणून लपवलं. आता आई माझ्याकडे आहे, आता लपवायचं कारण उरलं नाही.

आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही. वर ज्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असते, त्यांच्यासाठी खाली मी रोज कोंबडी शिजवत होते. ती कुठून येते, तिथली हवा कशी असते, हे त्या इमारतीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आजार खाली शिजवायचा आणि वर बरा करायचा, याला काय रुग्णालय म्हणतात? मी जाऊन तसं सांगितलं. संचालकसाहेब म्हणाले, तुम्ही स्वयंपाकाचं बघा. मी म्हटलं, तेच बघतेय. मग हवेच्या प्रश्नावर म्हणून एक मोठी बैठक भरली, शहरातली मोठमोठी मंडळी आली, तासभर सगळे धुरावर बोलले आणि मग साहेबांनी मला विचारलं, जेवणात कोंबडी आहे ना? मी शेंगा, डाळ आणि भाज्या वाढल्या. एक गृहस्थ ताटाकडे बघत म्हणाले, हे झालं, जेवण कुठाय? डॉक्टरीणबाई पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. त्यानंतर पंधरवड्याने आदेश निघाला.

तू म्हणशील, बहीण असून तू मूग गिळून बसायला हवं होतंस. मूग मी शिजवते, धाकट्या. गिळून बसत नाही.

आईला इथून सोडल्यावर मी माझ्या घरी नेणार आहे. विचारत नाहीये, कळवतेय.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

आई बरी आहे. तू विचारलं नाहीस, पण वहिनीला सांग.

पहिले काही दिवस ती खिडकीपाशी बसून नुसती रस्ता बघत होती. सवयीने उठायची, पाण्याचा तांब्या घ्यायची आणि इथे भिजवायला पडदाच नाही म्हटल्यावर तांब्या हातात धरून उभी राहायची. मग एका सकाळी मी कामावर निघाले होते तर म्हणाली, हा साबण बदललास का, वास वेगळा येतोय. मी साबण बदलला नव्हता. वास तिला पहिल्यांदाच आला होता. मी चपला घातलेल्या पायांनीच आत आले आणि तिच्याजवळ बसले. त्या दिवशी कामाला उशीर झाला आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

आता तिचं नाक असं काही जागं झालंय की सोय नाही. खालच्या मजल्यावर काय शिजतंय ते सांगते. मी रुग्णालयातून डबा आणला की झाकण उघडायच्या आत म्हणते, आज मसूर, मीठ कमी आहे. जिना उतरून चढते, मध्ये एकदाच थांबते. मला शिकवायला लागली आहे म्हणजे बरी झाली.

आता तुला आवडेल असं काहीतरी. परवा शेजारच्या इमारतीतली चार माणसं एक अर्ज घेऊन आली. शहराच्या त्या टोकाच्या शेडमुळे वास येतो, माश्या येतात, मुलं आजारी पडतात, शेड हलवा. त्यात तुझं नाव होतं. माझी सही हवी होती, म्हणजे सख्खी बहीणसुद्धा म्हणते असं सांगता आलं असतं. मी विचारलं, रविवारी तुमच्याकडे काय शिजतं? एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, तुम्हाला कोंबडी हवी, रोज हवी, स्वस्त हवी, फक्त तिची हवा दुसऱ्या कुणाच्या तरी आईने घ्यायला हवी. शेड हलवाल तिथे काय माणसं राहत नाहीत? आधी ताटातून हलवा, मग अर्ज आणा. एक बाई फार दुखावल्या. मी सही केली नाही. माझं भांडण तुझ्याशी आहे आणि ते मी तोंडावर करते. पाठीमागून कागद पाठवणाऱ्यांच्या ओळीत मी उभी राहणार नाही.

पण याचा अर्थ तू सुटलास असा घेऊ नकोस. गाडीवाल्याकडून कळलं की शाळेच्या जेवणघरानेही आता आमच्यासारखंच केलंय आणि गिरणीच्या उपाहारगृहाचंही चाललंय. तुझ्या व्यापाऱ्याने हात आखडता घेतलाय. तरी नवी शेड पुरी झाली म्हणे, पत्रे चढले, पंखे बसले, आणि पिल्लांची गाडी पुढच्या महिन्यात यायचीय. कुणासाठी रे? घेणारे कमी होताहेत आणि तू इरेला पेटून पाळतोयस. व्यापाऱ्याला दाखवायचंय, मला दाखवायचंय, की मेलेल्या बाबांना?

तुझ्याकडे काम करणाऱ्या माणसांची मला काळजी नाही असं समजू नकोस. आमच्या स्वयंपाकघराला रोज कितीतरी शेंगा आणि भाज्या लागतात, त्या मी लांबून मागवते. तुझ्याकडे जमीन आहे, पाणी आहे, गाडी आहे, माणसं आहेत. मी हे एकदाच लिहितेय, पुन्हा विनवणी करणार नाही.

आई घरी जायचं म्हणते. मी नको म्हटलं तर म्हणाली, माझं घर आहे, मी लोकांकडे किती दिवस राहू. लोक म्हणजे मी. तुझ्यात आणि तिच्यात फार फरक नाही.

ताई


७ एप्रिल

धाकट्या,

कालचं तूही पाहिलंस, मीही पाहिलं, तरी लिहून ठेवते. तू पुढेमागे म्हणशील, तसं काही झालंच नव्हतं.

मी आईला आणायला तयार नव्हते. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तेव्हा आणली. भाड्याच्या गाडीत ती खुशीत होती, मांडीवर तुझ्यासाठी काय काय बांधून घेतलं होतं. फाटकापाशी उतरली, चार पावलं चालली आणि थांबून मला म्हणाली, "कुणी कांदा चिरतंय का गं?" जन्म गेला तिचा तिथे. तिला आपल्याच घराचा वास ओळखू आला नाही.

तू धावत आलास. तिला धाप लागली होती, घर अजून लांब होतं, म्हणून तू पहिल्या शेडच्या दारातला तो बाक पुसलास आणि तिला तिथे बसवलंस. प्रेमानेच बसवलंस, ते मला कळलं. वहिनी चहा घेऊन आली. तू समोर उकिडवा बसलास. मी उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण आपण काय करतोय ते तुझ्या ध्यानातच आलं नव्हतं, तू नुसता आईकडे बघत होतास, आणि तरी सगळं बाबांच्या वेळचं जसंच्या तसं होतं.

तिने दोन घोट घेतले आणि पदर डोळ्यांना लावला. पुन्हा एक घोट, पुन्हा पदर. तू म्हणालास, "प्रवासाची धूळ गेली असेल." तिने कप खाली ठेवला. अर्धा भरलेला होता. मग ती जे बोलली ते तुला आणि मला दोघांना जन्मभर पुरेल.

"या बाकावर चहा कशाला देतात ते मला नको सांगू. इतकी वर्षं मीच करून पाठवत होते."

तू कप उचलून तिच्यापुढे धरलास. मग म्हणालास, आई, निदान चहा तरी संपव. आणि ती म्हणाली, "संपला असता तर राहिले असते रे."

उठली, माझा हात धरला आणि फाटकाकडे चालायला लागली. तुझ्यासाठी आणलेलं बोचकं बाकावरच राहिलं. परतताना गाडीत ती खोकली नाही. रडली. मीही रडले, आणि रडताना मला तुझा इतका राग येत होता की चालकाने आरशातून दोनदा मागे पाहिलं. तिला तिच्या घरात राहायचंय, धाकट्या. माझ्या तिसऱ्या मजल्यावर नाही, तिच्या घरात, तुझ्याजवळ. ते तिच्याकडून कुणी हिरावून घेतलं? गाड्यांच्या धुराने?

नवी शेड मी पाहिली. रिकामी आहे, चकचकीत आहे. पंखे आईच्या खाटेच्या डोक्याशी येतात. पिल्लांची गाडी ज्या दिवशी तिथे उतरेल त्या दिवसापासून हा प्रश्न मिटला. ती परत येणार नाही आणि मी तुला पत्र लिहिणार नाही.

ताई


२२ एप्रिल

धाकट्या,

काल वहिनीचा फोन आला. तू शेजारीच उभा होतास, तिनेच सांगितलं, आणि तरी ती हं हं न करता बोलली. इतकं बोलते ती हे मला माहीतच नव्हतं.

म्हणाली, आम्ही गेल्यापासून तू रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या बाकावर जाऊन बसतोस. पूर्ण पितोस. डोळे कोरडे. दोन-तीन दिवसांनी तू तिला शेजारी बसवलंस आणि विचारलंस, तुला काही होतं का. तिलाही काही झालं नाही. वहिनी म्हणाली, त्यानंतर तू घाबरलास. जेवताना भाजी हुंगून बघायला लागलास, साबण हुंगायला लागलास. कशालाच वास नाही म्हणालास.

आणि मग पिल्लांची गाडी आली. तू गाडीच्या चालकाला उतरवून घेतलंस आणि बाकावर बसवून चहा दिलास. त्याला वाटलं असेल, काय अगत्याचा माणूस आहे. अर्धा कप व्हायच्या आत त्याने बाहीने डोळे पुसले. तू त्याला म्हणालास, चहा संपव आणि पिल्लं दुसरीकडे उतरव. वहिनी हे सांगताना हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. आईने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि वहिनीला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

मी टाळ्या वाजवणार नाही. एक शेड भरली नाहीस, तीन भरलेल्याच आहेत. तिसरीचे पंखे अजून आईच्या खिडकीकडेच बघतात. ती पिल्लं कुठेतरी दुसरीकडे उतरलीच असतील, तिथेही कुणाची तरी आई असेल. माझा राग गेलेला नाही. तुझ्यावरचा अर्धा गेलाय, तो मी त्या अर्जवाल्यांकडे आणि ज्यांना जेवण दिसलं नाही त्या गृहस्थांकडे वळवलाय. मला तो पुरवून वापरायचाय.

तुझं नाक मात्र परत येईल. आईचं आलं. इथे येऊन राहा थोडे दिवस, जमिनीवर झोपावं लागेल. शेंगा कुठल्या लागतात, किती लागतात तेही बोलू. मग घरी जा आणि त्या बाकावर बस, आणि तुझा चहा किती उरतो ते तूच बघ. तिसरी शेड केव्हा रिकामी करायची ते मला सांगावं लागणार नाही.

आज सकाळी गाडीवाल्याने ट्रे उतरवले. सगळ्यात वरच्या ट्रेमध्ये खाद्याच्या पोत्याचा फाडलेला तुकडा होता आणि त्यावर तुझ्या अक्षरात एकच ओळ. आईचा खोकला कसा आहे. इतक्या पत्रांना मिळून तुझं हे एवढं उत्तर, तेही पोत्यावर. हे तू जानेवारीत विचारायला हवं होतंस, गाढवा.

तर ऐक. आई पलीकडच्या खोलीत झोपली आहे, दार उघडं आहे. हे लिहिताना मी मध्येमध्ये थांबून कान देतेय. काही ऐकू येत नाही.

आशीर्वाद.

ताई